मागच्या गाडीने

सुनेत्राने मीटिंगमधला आपला आवाज बंद केला, चित्रही बंद केलं आणि लॅपटॉपवरची दुसरी खिडकी पुढे ओढली. त्या खिडकीत एक रेल्वे स्टेशन होतं. स्टेशन कसलं, एकुलता एक फलाट, त्यावर पत्र्याची शेड, शेडखाली बाक, शेजारी थंड पेयांचं यंत्र आणि रुळांपलीकडे नजर पोचेल तिथवर भातशेती. तिकीटखिडकी नाही, स्टेशनमास्तर नाही. जपानमधल्या एका खासगी कंपनीची ही आडबाजूची लाइन. एका डब्याची गाडी यायची, चालकच उतरणाऱ्यांची तिकिटं गोळा करायचा आणि पुढे निघायचा. लाइन तोट्यात होती. ती बंद पडू नये, चार लोकांना तिची आठवण राहावी, म्हणून तिथल्या हौशी मंडळींनी खांबावर कॅमेरा लावून ठेवला होता. जगात कुणीही, कधीही बघावं. एवढ्या मोठ्या जगाला त्या फलाटाशी काय देणंघेणं असणार! पण आयर्लंडमधल्या एनिस गावी, भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात, सुनेत्रा रोज सकाळी कॉफी गार होईपर्यंत त्या फलाटाकडे डोळे लावून बसायची.

इथली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. कारखाना सुटला की तिचा धाकटा भाऊ कुशल याच गाडीने खोलीवर परतायचा.

गाडी आली. दार उघडलं. एक म्हातारी ढकलगाडी घेऊन उतरली, मग दोन मुली, आणि त्यांच्या मागून निळ्या शर्टातला, डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं असलेला तो. तोंडावर मास्क, खांदे पडलेले. कॅमेऱ्याकडे न बघता तो यंत्रावरून पुढे गेला आणि चित्राच्या चौकटीबाहेर पडला. सुनेत्राने गार झालेली कॉफी ओठांना लावली. आजचा दिवस निभावला होता.

“आई, युअर मॅन इज होम?” रेवाने सीरिअलच्या भांड्यातून मान वर न काढता विचारलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती.

“मामा म्हण. इथल्या पोरांसारखं युअर मॅन काय!”

“ही नेव्हर वेव्ह्ज एनी मोअर.”

“दमतो गं तो. भांडं विसळून ठेव.”

पोर बोलली ते खरंच होतं. पूर्वी कुशल रोज गाडीतून उतरला की खांबाखाली थांबायचा, मान वर करायचा आणि हात हलवायचा. तो हात ना सुनेत्रासाठी होता, ना जगासाठी. तो बाबांसाठी होता.

बाबा, म्हणजे बाळासाहेब, पुण्यात एकटे राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक आयर्लंडला, म्हणजे नोकरी डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या चकचकीत ऑफिसात आणि टाळेबंदीपासून बसणं एनिसच्या स्वयंपाकघरात. मुलगा जपानच्या खेड्यात यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. दोन्हीकडची विमानं बंद झाली तेव्हा कुशलनेच हा कॅमेरा शोधून वडिलांना दाखवला होता. तेव्हापासून दुपारचा चहा आणि कुशलचं स्टेशन असा बाबांचा नेमच होऊन बसला. “एवढंसं ते स्टेशन,” ते सुनेत्राला फोनवर सांगायचे, “पण कागदाचा कपटा दिसेल तर शपथ! आणि आपला चिरंजीव बघ, आजही शर्ट खोचलेला नाही.” मुलाने हात केला की हे इकडे कप खाली ठेवून मोबाइलसमोर हात हलवायचे. त्याला दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

या वर्षीच्या एप्रिलात पुण्यात बाबांना ताप आला आणि त्याच आठवड्यात तिकडे कुशलही तापाने पडला. कुशल खोलीत एकटा. कंपनीचं माणूस दाराशी जेवण ठेवून जायचं, तेवढाच काय तो मनुष्याचा आवाज. बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवलं आणि चौथ्या पहाटे ते गेले. चुलतभाऊ उल्हासने, अंगभर प्लास्टिक चढवून, दुरून अग्नी दिला. सुनेत्राने तो फोनवर बघितला. फोन बंद करण्याआधी पहिलं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते रडण्याचं नव्हतं, बजावण्याचं होतं.

“कुशलला कुणी काही बोलायचं नाही. तो तापात आहे, एकटा आहे. बरा झाला की मी सांगेन.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे यात नवीन ते काय? परीक्षेला बसलेल्या मुलाला, बाळंतिणीला, परगावी एकट्या असलेल्याला वाईट बातमी एकदम द्यायची नसते. आधी ‘तब्येत जरा नरम आहे’ म्हणायचं, मग ‘जमलं तर येऊन जा’, आणि माणूस गल्लीच्या कोपऱ्यावर आला की दारातल्या चपलांवरून त्याचं तोच समजतो. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलेलं. फक्त या वेळी कुशल कुठल्याच दारात पोचणार नव्हता, आणि ही साधी गोष्ट सुनेत्राच्या लक्षात आली नाही.

तो बरा झाला. “बाबा फोन का उचलत नाहीत?” त्याने विचारलं. तो इतका अशक्त दिसत होता की तिचा धीर झाला नाही. “हॉस्पिटलमध्ये आहेत रे. तोंडावर ऑक्सिजन, बोलायला मनाई आहे,” ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण त्याचा चेहरा पडलेला बघवेना म्हणून जीभ आणखी एक पायरी उतरली: “पण नर्स मोबाइल समोर धरते. तुझं स्टेशन बघतात ते रोज.”

झालं. कुशल कामावर जायला लागला आणि रोज संध्याकाळी, अंगात त्राण नसताना, खांबाखाली थांबून हात हलवायला लागला. पूर्वी एकदा हलवायचा, आता बराच वेळ हलवत राहायचा. कधी दोन्ही हात. सुनेत्रा इकडून बघायची, आणि मग कपाळावर टिकली लावून, रंगीत कुर्ता चढवून त्याला व्हिडिओ कॉल करायची. “बघितलं बाबांनी. डोळ्यांनी हसले म्हणे.” उद्या सांगू, या रविवारी सांगू, त्याचं काँट्रॅक्ट वाढलं की सांगू. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? जूनच्या सुरुवातीला उल्हासच्या बायकोने बाबांचा हार घातलेला फोटो स्टेटसला ठेवला.

त्या दिवशी कुशलने फोन केला तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“ताई, मी हात कुणाला करत होतो?”

ती काय काय बोलली ते तिला नंतर आठवेना. तुझ्यासाठीच रे, तू आजारी होतास, म्हणजे मी सांगणारच होते. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “असू दे. आता माझी काळजी करायचं तुला कारण नाही.” आणि फोन ठेवला. तेव्हापासून आजतागायत तिच्या एकाही फोनला, एकाही मेसेजला उत्तर नव्हतं.

ते शेवटचं वाक्य सुनेत्राने इतक्यांदा उलटसुलट केलं होतं की त्याचा अर्थच झिजून गेला होता. रागाने बोलला, की निरोप घेतल्यासारखं? दिवसा ती स्वतःला बजावायची, रागच तो. पण गाडीची वेळ जवळ यायला लागली की ती हातातलं काम टाकून लॅपटॉपपाशी येऊन बसायची. फलाट, रूळ आणि एकटा उभा असलेला माणूस, हे एका चित्रात बघायचीच तिला भीती वाटायची. मग कुरळं डोकं दारातून बाहेर यायचं आणि ती पुन्हा माणसात यायची.

यशोधन, तिचा नवरा, जवळच्या शॅनन गावी एका कंपनीत होता आणि तोही वरच्या खोलीतून काम करायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं.

“अगं, आहे ना तो? चालतोय, फिरतोय, रोज कामाला जातोय. राग आहे, ओसरेल. तू रोज हेरगिरी करून काय मिळवतेस?”

“मला दिसतो तेवढा पुरे आहे.”

“मग रडतेस कशाला?”

तिने शेवटी कुशलला लिहिलं होतं: बोलू नकोस, लिहू नकोस, फक्त एकदा कॅमेऱ्याकडे बघ. दुसऱ्या दिवशी कुरळं डोकं खाली मान घालून निघून गेलं. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग तिला रागही यायला लागला. इतका दगड झालास? मी काय मुद्दाम केलं? आईच्या मागे तुला कुणी सांभाळलं?

ऑगस्टच्या मध्याला, एका सोमवारी, तो यंत्राशी थांबला. तिकडे उकाडा असावा. त्याने खिशातून नाणी काढली, थंड पेयाचा एक डबा घेतला आणि तिथेच, कॅमेऱ्याकडे तोंड करून, मास्क हनुवटीखाली ओढला.

पांढरट दाढी. सुरकुतलेले गाल. साठीला टेकलेला कुणी जपानी गृहस्थ, केस कुरळे करून घेतलेला. मजेत डबा तोंडाला लावून उभा.

“दॅट्स नॉट मामा,” रेवा म्हणाली. “आई, ही इज रिअली ओल्ड.”

मीटिंगमध्ये कुणीतरी तिचं नाव घेत होतं. तिने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. तो माणूस डबा टोपलीत टाकून चालू लागला होता, आणि पाठीमागून, हाय रे देवा, अजूनही कुशलसारखाच दिसत होता. इतके दिवस ती या परक्याच्या जिवावर जेवली होती, झोपली होती. याला बघून देवापुढे दिवा लावत होती. मग कुशल कुठे होता? जूनपासून कुणी बघितलं होतं त्याला?

“यशोधन!” ती जिन्याखालून ओरडली. आवाज इतका चिरका होता की रेवा रडायला लागली.

तो दिवस कसा गेला ते विचारू नये. कुशलच्या मोबाइलवर रिंग जात राहिली. भारतीय वकिलातीच्या फोनवर ध्वनिमुद्रित बाई बोलत राहिली. उल्हासला काही माहीत नव्हतं. कुशलचा नागपूरचा जुना मित्र श्रेयस म्हणाला, “वहिनी... सॉरी, ताई, मलाही तो दोन महिने रिप्लाय देत नाहीये यार. मला वाटलं तुमच्याशी बोलत असेल.” यशोधन एरवी गप्पिष्ट माणूस, पण तोही हातात मोबाइल धरून नुसता उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर तिला तिचीच शंका दिसली, आणि तिने त्याला ती उच्चारू दिली नाही.

ऑफिसातल्या जपानी विभागात मायुमी नावाची एक बाई होती. सुनेत्राशी तिची ओळख लिफ्टमधल्या नमस्कारापुरती. सुनेत्राने तिला फोन करून, लाज बाजूला ठेवून, भीक मागितल्यासारखं सांगितलं. मायुमीने जास्त काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, कारखाना सुटायच्या आत, तिने तिथे फोन केला आणि सुनेत्राला उलट लावला.

“ते ठीक आहेत,” ती इंग्रजीत सावकाश म्हणाली. “आत्ता कामावर आहेत. एकही दिवस चुकवला नाही, असं साहेब म्हणाले. रोज त्याच गाडीने जातात, त्याच स्टेशनवर उतरतात.”

“त्याच स्टेशनवर?”

“हो. तुमचा निरोप देऊ का, असं विचारत होते. मी म्हटलं, नको. बरोबर केलं ना?”

सुनेत्रा कसेबसे आभार मानून खाली बसली. जिवंत होता. यशोधनने तिच्या पाठीवर हात ठेवला, “बघ, म्हटलं नव्हतं?” म्हणाला आणि डोळे पुसत वर गेला. पण तिला आनंद पुरता घेता येईना. रोज त्याच गाडीने, त्याच स्टेशनवर. म्हणजे रोज तो तिच्या डोळ्यांसमोरून गेला होता, आणि तिने, ज्या पोराला कडेवर घेऊन वाढवलं त्याला, ओळखलं नव्हतं. उतरतात किती, तर मोजून मूठभर माणसं.

त्या सकाळी मीटिंग होती तरी ती गेली नाही. रेवाला वर पाठवलं. गाडी आली तेव्हा तिने कुरळ्या डोक्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं; ते उतरलं आणि गेलं. म्हातारी गेली. एक बाई पोराला घेऊन गेली. सगळ्यात शेवटी एकजण उतरला, आणि तिची नजर सवयीने त्याच्यावरून घसरली, कारण त्याच्या डोक्यावर केस नव्हते. तिथे देऊळ असेल, मठ असेल, तिथला कुणी पुजारी असेल, असं काहीतरी तिच्या मनाने न विचारताच ठरवून टाकलं होतं.

मग तिने नजर परत वळवली.

तुळतुळीत डोकं. कुशलच्या चेहऱ्याला मोठे वाटायचे ते कान आता आणखीच उघडे पडलेले. शर्ट खोचलेला नव्हता.

मुंडण. बापाचं मुंडण. मुलगा दुसरं काय करणार होता? जगातल्या कुठल्याही मराठी घरातली बाई हे सांगू शकली असती, आणि सुनेत्रा दोन महिने केसांचं टोपलं शोधत बसली होती. त्याने बातमी कळल्यावर आपल्या हाताने डोकं केलं असणार, खोलीतल्या मोरीत, एकट्याने. पण ती जूनची गोष्ट. एवढ्यात बोटभर केस यायला हवे होते. म्हणजे तो पुन्हा पुन्हा करत होता. दहा दिवसांचं सुतक, तेही तिने त्याला पाळू दिलं नव्हतं. ते आता संपवायचं कधी हे त्याला सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

गाडी निघून गेली. तो फलाटाच्या टोकाला, सायकलींच्या स्टँडपाशी गेला आणि खिशात किल्ली शोधू लागला. सुनेत्राने मोबाइल उचलला. आतापर्यंत तिने त्याला शेकडो मेसेज पाठवले होते: फोन उचल, माफ कर, असा का वागतोस, एकदा बघ. त्या सगळ्यांत एक गोष्ट तिने कधीच लिहिली नव्हती. ती तिने आता लिहिली.

‘कुशल, बाबा गेले.’

चित्र प्रत्यक्षापेक्षा थोडं मागे चालायचं. ती थांबली. फलाटावर त्याने सायकल बाहेर काढली, आणि मग एक हात खिशात घातला. मोबाइल बघितला. सायकल तशीच धरून उभा राहिला.

तिने पुढे लिहिलं, एकेक वाक्य.

‘हॉस्पिटलमध्ये गेले, पहाटे. जवळ कुणी नव्हतं.’

‘नर्सने मोबाइल धरला हे खोटं. तू बरा व्हायच्या आधीच ते गेले होते.’

‘स्टेशन त्यांनी शेवटचं घरी बघितलं. ॲम्ब्युलन्स यायची होती, तरी चहा घेऊन बसले होते. तू उतरला नाहीस. तुला ताप होता, ते मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.’

‘मला फोन केला. म्हणाले, आज दिसला नाही गं. मी म्हटलं, ओव्हरटाइम असेल.’

इथे तिला पुढचं दिसेना. तिने ओढणीने डोळे पुसले.

‘म्हणाले, असेल, असेल. मागच्या गाडीने येईल. मी बसतो जरा. आणि ॲम्ब्युलन्स आली तरी उठत नव्हते, असं शेजारच्या वासंतीकाकू म्हणाल्या.’

एवढंच होतं. आणखी काही लपवलेलं उरलं नव्हतं. तिने मोबाइल टेबलावर ठेवला.

पडद्यावर तो मान खाली घालून उभा होता, पलीकडे भाताचं शेत हलत होतं. मग त्याच्या हातातून सायकल सुटली आणि आडवी पडली. ती उचलायला तो वाकला असं तिला वाटलं, पण तो वाकला तो तसाच खाली बसला, फलाटाच्या सिमेंटवर, आणि गुडघ्यांत डोकं घातलं. त्याची पाठ हलत होती. आवाज या चित्राला कधीच नव्हता.

सुनेत्रा खुर्चीवरून उठली. तिने लॅपटॉप टेबलावरून काढला, जमिनीवर आणला, ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला टेकवून ठेवला आणि स्वतः त्याच्यासमोर, मांडी घालून, गार फरशीवर बसली. जिन्यावर यशोधनची पावलं वाजली, दारापर्यंत आली. तिने हातानेच त्याला थांब म्हटलं. तो काही विचारायच्या बेतात होता. पडद्याकडे त्याचं लक्ष गेलं, आणि मग तोही तिच्या शेजारी खाली बसला.